भाग एक की भाग दोन?

सोलापूरच्या सात रस्ता चौकात उभं राहून सात रस्ते मोजायचा उद्योग परक्या माणसानं करू नये. स्टेशनचा एक, मोदीचा एक, रंगभवनकडचा एक, पत्रकार भवनावरून विजापूर रोडला लागणारा एक, होटगी रोडचा एक, इथपर्यंत सगळ्यांचं एकमत असतं. पुढं मतभेद. कुणी बोळ धरतो, कुणी बोळ सोडतो. एकाचा सहावा रस्ता दुसऱ्याच्या हिशेबी पाचव्याचाच फाटा निघतो. पण बेरीज विचारली तर सगळ्यांची सातच. उत्तर आधी ठरलेलं आणि रीत मागून जमवलेली, असा जो प्रकार आहे, त्याला आमच्याकडं दहावीच्या विज्ञानाची उजळणी म्हणतात.

ज्यांची दहावी गेल्या शतकात उरकली त्यांच्यासाठी थोडी माहिती. आताची पुस्तकं २०१८ सालची आहेत आणि ती दोन आहेत : 'विज्ञान आणि तंत्रज्ञान', भाग १ आणि भाग २. भाग एकमध्ये गुरुत्वाकर्षण, वीज, भिंगं, धातू, कार्बन. भाग दोनमध्ये आनुवंशिकता, पेशी, प्राणी, सूक्ष्मजीव, हरित ऊर्जा. म्हणजे निर्जीव भाग एकला आणि सजीव भाग दोनला, अशी भाऊबंदकीतली साधारण वाटणी. भाग दोनमधला शेवटचा धडा 'आपत्ती व्यवस्थापन'. तो परीक्षेच्या आदल्या रात्री वाचायची पद्धत आहे. पेपर ४०-४० गुणांचे, दोन-दोन तासांचे, वेगवेगळ्या दिवशी. प्रात्यक्षिकाचे २० धरून शंभर भरतात आणि त्यात पस्तीस पडले की पोरगं सुटलं.

या वाटणीचा परिणाम असा झालाय, की सोलापुरातल्या पंधरा-सोळा वर्षांच्या कुठल्याही मुलाला निसर्गातली कुठलीही गोष्ट दाखवा, त्याचा पहिला प्रश्न 'हे काय आहे' असा नसतो, 'का होतंय' असाही नसतो. तो विचारतो, "हे भाग एकचं की भाग दोनचं?"

माझा भाचा यंदा दहावीला आहे. त्याची उजळणी बहिणीनं माझ्यावर सोपवली, कारण मी बी.एस्सी. आहे. बी.एस्सी. होऊन मी नेमकं काय केलं, हा प्रश्न आमच्या घरी भाग तीनमध्ये येतो. भाच्याचा क्लास सात रस्त्याजवळ. पहाटे सहाला सुरू होतो. क्लास सुटला की मी तिथल्या चहाच्या गाड्यावर त्याला गाठायचं आणि शाळा भरेपर्यंत प्रश्न विचारायचे, असं ठरलं. गाड्यावर त्याच्यासारखी आणखी पोरं असायची. छातीवर दप्तर, हातात अपेक्षित प्रश्नसंच, आणि प्रत्येक पानावर पेन्सिलीनं 'आयएमपी' लिहिलेलं. सगळीच पानं आयएमपी असली तर पुस्तक कुणी छापलं हे सोडून वगळण्यासारखं काही उरत नाही. पण हे त्यांना सांगणारा मी कोण?

"काय कराल्लास बे?" मी विचारलं.

"ऊर्जा रूपांतरण, मामा. औष्णिक वीजकेंद्र. पाच टप्पे." आणि त्यानं डोळे मिटून सुरुवात केली : कोळशातली रासायनिक ऊर्जा, मग उष्णता, मग वाफेची गतिज ऊर्जा, मग टर्बाइनची गतिज ऊर्जा, मग विद्युत ऊर्जा. स्टेशनची शिटी ऐकू आली तरी थांबला नाही. मोहोळ, माढा, कुर्डुवाडी, जेऊर, दौंड अशी गाडीची स्टेशनं पाठ असतात तसे टप्पे पाठ. मधल्या एखाद्या स्टेशनावर उतरून पाहायची सोय मात्र नव्हती.

"वीजकेंद्र पाह्यलास का कधी?"

"पुस्तकात आकृती आहे की. तीन मार्कांना."

आता हे केंद्र पुस्तकाच्या आकृतीत जेवढं आहे तेवढंच होटगीच्या बाजूला फताटेवाडीलाही आहे. एनटीपीसीचं. ६६० मेगावॅटचे दोन संच, म्हणजे १३२० मेगावॅट. आम्ही चहा पीत होतो तिथनं निघणाऱ्या सातांपैकी एका रस्त्यानं सरळ गेलं, की ज्याचे टप्पे आपण पाठ करतो तेच उभं दिसतं. त्या बाजूनं रोज सोलापुरात शिकायला येणारी मुलं ते बघत येतात आणि वर्गात बसून त्याची आकृती फळ्यावरून उतरवून घेतात. तक्रार नाही. फळ्यावरची आकृती सोपी असते, धूरही करत नाही.

मी म्हटलं, "बरं, कोळसा जाळून जेवढी उष्णता निघते, त्यातली किती वीज होते?"

हा प्रश्न आयएमपी नव्हता. सगळी पोरं गप्प. मग मीच सांगितलं, की अशा चांगल्या, नव्या संचात शंभरातले साधारण चाळीस भाग वीज होतात. उरलेले साठ धुराड्यातून आणि पाणी थंड करायच्या मनोऱ्यांतून हवेत जातात.

"शंभरात चाळीस?" भाच्याच्या शेजारचा एकजण म्हणाला. "म्हणजे पास की बे!"

पोराचा मुद्दा खोटा नव्हता. बोर्डाच्या नियमानं बघितलं तर वीजकेंद्र उत्तीर्ण आहे, तेही प्रात्यक्षिकाचे गुण न धरता. समोरून मात्र एक स्कूटी चालली होती, तिचं पेट्रोलचं इंजिन जाळलेल्या ऊर्जेतला जेमतेम पाव हिस्सा चाकापर्यंत पोचवतं. ती नापास. आणि सिग्नलला इंजिन चालू ठेवून, एक पाय खाली टेकवून, लाल दिवा कधी जातोय याची वाट न बघता निम्मं चाक पुढं काढून बसलेले जे वीस-पंचवीस सोलापूरकर होते, त्यांच्या गाड्यांची कार्यक्षमता त्या क्षणी शून्य टक्के होती. उत्तरपत्रिका कोरी. मग दिवा हिरवा झाला, सातही दिशांनी सगळे एकदम निघाले, चौकाच्या मधोमध एकमेकांना बघून करकचून ब्रेक दाबले, आणि पेट्रोल जाळून मिळवलेली सगळी गतिज ऊर्जा ब्रेकच्या पट्ट्यांत उष्णता होऊन गेली. ऊर्जा निर्माण करता येत नाही आणि नष्टही करता येत नाही, हे खरं. वाया घालवता येते, आणि त्यासाठी सात रस्त्याइतकी चांगली प्रयोगशाळा मी पाहिलेली नाही.

ऊर्जेच्या धड्यात एक गोष्ट नाही, ती आमच्या गावाच्या मालकीची आहे म्हणून सांगतो. २०१३ सालच्या ३१ डिसेंबरपर्यंत दक्षिण भारताचं विजेचं जाळं उरलेल्या देशाशी एका तालावर चालत नव्हतं. त्या दिवशी रायचूर ते सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी जोडली गेली आणि अख्ख्या देशाचं जाळं एक झालं. उत्तरेला आणि दक्षिणेला गाठ मारली ती आमच्या शहराच्या नावानं. सोलापूरकराला यात नवल वाटायचं कारण नव्हतं. घरात कन्नड, दारात तेलुगू, शाळेत मराठी आणि रिक्षात हिंदी बोलणारी माणसं इथं पिढ्यान्‌पिढ्या एकाच तालावर चालतायत. तारेला उशीर झाला.

भाच्यानं विचारलं, "वीज वाहून नेणं भाग एकमध्ये ना? विद्युतधारेचे परिणाम."

"आणि वीज तयार करणं?"

"भाग दोन. धडा पाचवा."

म्हणजे वीज भाग दोनमध्ये तयार होते आणि भाग एकमध्ये वापरली जाते, आणि दोन पेपरांच्या मधल्या सुट्टीत तिचं काय होतं हे बोर्डालाच ठाऊक.

धातूंचा धडा मला जिव्हाळ्याचा. यात 'शास्त्रीय कारणे लिहा' हा प्रकार फार. या प्रश्नाची गंमत अशी, की निकाल आधीच लागलेला असतो, तुम्ही फक्त समर्थन करायचं. सासूच्या पद्धतीचा प्रश्न आहे. सोडिअम रॉकेलमध्येच का ठेवतात? कळकट तांब्याची भांडी चिंचेनं का घासतात? पहिल्याचं उत्तर भाच्यानं घडाघडा सांगितलं : सोडिअम फार क्रियाशील, हवेतल्या ऑक्सिजनशी आणि ओलाव्याशी लगेच अभिक्रिया करतो, पेटतो, रॉकेलशी करत नाही. पूर्ण गुण. मग हळूच म्हणाला, "मामा, रॉकेल असतं कसं?"

त्याचाही दोष नाही. घरात गॅस, रेशनवरचं रॉकेल गेलं, बत्त्या गेल्या, स्टोव्ह माळ्यावर गेले. त्यानं सोडिअमही पाहिलेला नाही आणि रॉकेलही पाहिलेलं नाही. एक न पाहिलेली वस्तू दुसऱ्या न पाहिलेल्या वस्तूत का ठेवतात, हे त्याला पाठ आहे. आपल्याकडं यापेक्षा कमी भांडवलावर माणसं प्रवचनकार झालेली आहेत.

क्षरणाचं तसं नाही. लोखंड गंजायला पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात, हे सोलापूरकराला शिकवावं लागत नाही. ऑक्सिजनची आमच्याकडं टंचाई नाही. पाण्याचं म्हणाल तर नळ काही दिवसांआड येतो, त्यामुळं इथल्या लोखंडालाही रोजच्या रोज गंजता येत नाही, पाळीनं गंजावं लागतं. मात्र ज्या पहाटे नळ येतो त्या पहाटे धातूंचा आणखी एक गुणधर्म सिद्ध होतो, ज्याला पुस्तकात नादमयता म्हणतात. साडेपाचला गल्लीतल्या पहिल्या घरात घागर आपटली, की शेवटच्या घरापर्यंत पितळ, स्टील, पत्र्याची बादली असा क्रमाक्रमानं नाद उठत जातो. प्लॅस्टिकचं पिंप तेवढं मुकं. पिंप अधातू आहे, हे अंधारातसुद्धा ओळखता येतं.

चिंचेचं कारणही सोपं आहे. तांब्यावर हवेतल्या ओलाव्यानं आणि कार्बन डायऑक्साइडनं कॉपर कार्बोनेटचा हिरवट थर चढतो, चिंचेतलं टार्टारिक आम्ल तो विरघळवतं, खालचं तांबं वर येतं. माझी आजी हे करायची तेव्हा तिला टार्टारिक आम्ल ठाऊक नव्हतं आणि तिची भांडी लखलखायची. माझ्या भाच्याला टार्टारिक आम्ल ठाऊक आहे आणि घरात तांब्याचं एक भांडं आहे, ते दिवाणखान्याच्या कपाटात पॉलिश लावून ठेवलेलं. त्याला हात लावायचा नाही.

याच धड्यात कल्हईवर चार ओळी आहेत : तांब्या-पितळेच्या भांड्याला आतून कथिलाचा थर, म्हणजे आंबट पदार्थ कळकत नाहीत. चार ओळींत मावेल असं ते काम नव्हतं. कल्हईवाला दारासमोर खड्डा करायचा, त्यात कोळसा, खालून भात्याची नळी. भांडं लाल होईस्तोवर तापवायचा, नवसागराची चिमूट टाकायचा, पांढरा धूर भसकन नाकात जायचा, कथिलाची कांडी भांड्यावर टेकवून कापडाच्या बोळ्यानं एक फिरकी मारायचा, आणि काळं पातेलं आरशासारखं व्हायचं. यात रसायनशास्त्र ठासून भरलंय. नवसागर तापला की फुटतो, त्यातून निघणारं हायड्रोजन क्लोराइड भांड्यावरचा ऑक्साइडचा थर खरवडून काढतं. तो थर गेल्याशिवाय कथिल धरत नाही. कथिल वितळतं २३२ अंशाला, तांबं हजाराच्या वर, म्हणून एक पसरतं आणि दुसरं जागेवर राहतं. कल्हईवाल्याकडं तापमापी नव्हती. भांडं जरा जास्त तापलं तर कथिल जळून जायचं आणि आजी पैसे कापायची. ती त्याची प्रात्यक्षिक परीक्षा, रोजची.

जानेवारीत पूर्वपरीक्षा आणि सिद्धेश्वराची यात्रा एकदमच येतात, हा सोलापूरच्या दहावीवाल्यांवर पिढ्यान्‌पिढ्यांचा अन्याय आहे. सात नंदीध्वजांची मिरवणूक निघते, होम मैदानावर गड्डा भरतो, पाळणे फिरतात, आणि पोरगं घरात आवर्तसारणी घेऊन बसलेलं. मी बहिणीशी भांडून भाच्याला शोभेचं दारूकाम बघायला नेलं. कारण दिलं, धातूंची उजळणी. कारण अगदीच लटकं नव्हतं. आकाशात लाल रंग फुटला की तो स्ट्रॉन्शिअमच्या क्षाराचा, हिरवा बेरिअमचा, निळा तांब्याचा, पिवळा सोडिअमचा, आणि डोळे दिपवणारा पांढरा मॅग्नेशिअमचा किंवा अॅल्युमिनिअमचा. उष्णतेनं अणूतले इलेक्ट्रॉन वर चढतात, खाली उतरताना प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरलेल्या रंगाचा प्रकाश सोडतं.

"बघ, रॉकेलमधला तुझा सोडिअम वर गेला," मी म्हटलं. धातू म्हणून नव्हे, क्षार म्हणून, अशी दुरुस्ती करणार होतो, पण शेजारच्या एका आजीबाईंनी हात जोडले, त्यामुळं गप्प बसलो. भाचा मान वर करून सगळं बघत होता. घरी परतताना म्हणाला, "मामा, मूलद्रव्यांचं वर्गीकरण भाग एक ना?" मी हो म्हटलं. "मग आज भाग एक झाला," म्हणून त्यानं भेळेचे पैसे मागितले.

आता विकरं, म्हणजे एन्झाइम. हा खरा अवघड प्रांत, कारण विकर दिसत नाही, वाजत नाही, गंजत नाही. रासायनिक क्रिया भराभर घडवून आणतं आणि आपण होतं तसं राहतं. चौकातल्या प्रत्येक भानगडीत असा एक माणूस असतोच. भांडण लावून देतो, आपण कोरडा राहतो, आणि दुसऱ्या भांडणाला मोकळा.

विकरं शिकवायला सोलापूरसारखं गाव नाही. कडक भाकरी घ्या. बाजरीची किंवा ज्वारीची, पापडासारखी वाळवलेली, प्रवासात आठवडेच्या आठवडे टिकणारी. ती टिकते कारण तिच्यात पाणी नाही, आणि पाण्याशिवाय ना जंतूंचं चालतं ना विकरांचं. तुकडा तोंडात टाकून निवांत चावत राहिलं, की थोड्या वेळानं किंचित गोड लागायला लागतो. लाळेतल्या अमायलेजनं स्टार्चची साखर करायला घेतलेली असते. या अमायलेजला क्लोराइड मिळालं की ते जोमात येतं. लाळेत ते असतंच, वर शेंगाचटणीतल्या मिठाचीही भर. म्हणजे भाकरी-चटणी हा नुसता गरिबीचा बेत नव्हे, त्यात शास्त्र आहे, असं मी म्हणणार होतो. पण सोलापुरी माणूस भाकरी इतक्या घाईनं दही-चटणीत मोडून गिळतो, की अमायलेजला कामावर रुजू व्हायलाही वेळ मिळत नाही.

मटणाचंही तसंच. जून मटण शिजत नाही म्हटल्यावर आई त्यात कच्च्या पपईचा कीस घालायची. पपईतलं पपेन हे विकर मांसातल्या प्रथिनांचे तुकडे करतं. जरा जास्त वेळ मुरलं तर रश्श्यात मटण शोधावं लागतं. भाच्यानं हे वहीत लिहून घेतलं आणि खाली कंसात लिहिलं : 'अभ्यासक्रमात नाही'.

आणि ऊस. उजळणीचा हंगाम आणि गाळपाचा हंगाम एकच. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, वर उसाचा डोंगर, टपावर भोंगा, भोंग्यात गाणं. ट्रॅक्टरवाला एवढ्या घाईत का असतो? कारखान्यात नंबर लावायचा असतो, हे झालं भाग एकचं उत्तर. भाग दोनचं उत्तर असं, की ऊस तोडला त्या घडीपासून त्याच्यातलं इन्व्हर्टेज नावाचं विकर कामाला लागलेलं असतं. ते उसातल्या सुक्रोजचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करत सुटतं, आणि त्यांची पांढरी दाणेदार साखर पडत नाही. म्हणून तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गाळावा म्हणतात. रस्त्यावरची शर्यत ट्रॅक्टरची ट्रॅक्टरशी दिसते, असते ती ट्रॅक्टरची विकराशी. आणि विकराला नंबर लावावा लागत नाही.

साखरेचा आणि विकरांचा संबंध जुना आहे. १८९७ साली जर्मनीत एडुआर्ड बुखनर यीस्टच्या पेशी रगडून त्यांचा रस काढत होता. रस टिकावा म्हणून त्यानं त्यात साखर घातली, आपण मुरांब्यात घालतो त्या हिशेबानं. टिकायचं राहिलं बाजूला, रसाला बुडबुडे यायला लागले. पेशी मेलेली, तरी आंबण्याची क्रिया चालू! त्याआधी मोठमोठे लोक मानायचे, की आंबवायला जिवंत पेशीच पाहिजे. बुखनरला १९०७ साली यासाठी रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आमच्या जिल्ह्यात साखर घातल्यावर अशा अनपेक्षित गोष्टी सहकारी संस्थांमध्ये घडल्या आहेत, पण त्यांना नोबेल नाही.

माणसाच्या विकरांना ३७ अंशांच्या आसपास बरं वाटतं. मार्चात सोलापूरची दुपार बरोब्बर तिथं पोचते. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ दाखवतो तेव्हा बाहेर राहिलेलं ताक दुपारपर्यंत आंबून ढाण होतं. बोर्ड परीक्षा त्याच्या आधी उरकून घेतं. बोर्डात कुणीतरी विकरं समजलेला माणूस असणार.

उजळणीच्या शेवटी भाच्यानं मलाच एक प्रश्न टाकला. ग्लुकोजच्या एका रेणूपासून पेशीला एटीपीचे किती रेणू मिळतात? एटीपी म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, हे पुस्तकातच लिहिलंय. मी म्हटलं, आताचा हिशेब तीस-बत्तीसचा आहे. तो घाबरला. "मामा, पुस्तकात अडतीस आहेत!" मग मी त्याला नीट बसवून सांगितलं, की पेशीत काहीही होवो, पेपरात अडतीसच लिही. वरचे सहा-आठ कुठं जातात याची चौकशी निकालानंतर करू.

पण तेवढ्यावरून विषय निघाला. हे एटीपी जिथं सर्वांत जास्त तयार होतात, त्या इलेक्ट्रॉन वहन साखळीचं नाव त्याला पाठ होतं. त्या साखळीत सायटोक्रोम सी नावाचं प्रथिन आहे आणि त्याच्या पोटात लोखंडाचा अणू असतो. साखळीच्या शेवटी जे विकर बसलंय त्यात लोखंड आणि तांबं दोन्ही आहेत. कल्हई नाही, पॉलिश नाही, आणि आपण घेतलेला जवळपास सगळा ऑक्सिजन त्याच ठिकाणी खर्ची पडतो. घागरीतलं तांबं, बादलीतलं लोखंड, तेच पेशीत. बादलीच्या पत्र्याला गंज चढू नये म्हणून लावलेलं जस्तसुद्धा आपल्या रक्तातल्या एका फार वेगवान विकरात असतं. कार्बन डायऑक्साइड फुप्फुसापर्यंत न्यायला त्याची मदत लागते.

हे सायटोक्रोम सी वनस्पतींच्या पेशींतही असतं, हे बटाट्यावर काम करून दाखवलं ते एका मराठी बाईंनी. कमला सोहोनी, माहेरच्या भागवत, दुर्गाबाई भागवतांच्या धाकट्या बहीण. मुंबई विद्यापीठातून पहिल्या येऊनही १९३३ साली बंगळूरच्या विज्ञान संस्थेनं मुलगी म्हणून आधी नकार दिला, मग अटी घालून घेतलं. तिथून त्या केंब्रिजला गेल्या आणि १९३९ साली डॉक्टरेट घेऊन आल्या. त्यांच्या त्या एका बटाट्यात ऊर्जा होती, धातू होता आणि विकर होतं, तिन्ही एकाच फोडीत.

भाचा बराच वेळ गप्प होता. बाकीची पोरंही. चहावाल्यानं कप उचलले. मला वाटलं, पोचलं आता काहीतरी.

"मामा," तो म्हणाला, "हे भाग एकमध्ये लिहायचं की भाग दोनमध्ये?"

"दोन्हीकडं लिही."

"दोन्हीकडं लिहिलं तर दोन्हीकडं कापतेत."

हे बरोबर आहे. धातुविज्ञान भाग एकमध्ये आठवा धडा, जीवनप्रक्रिया भाग दोनमध्ये दुसरा, आणि दोन्ही पेपरांच्या मध्ये निदान एक रात्र. पेशीला मात्र दोन्ही भागांचा पेपर एकाच वेळी द्यावा लागतो, तोही अखंड, पर्याय नाहीत.

बोर्डाला एक सोलापुरी विनंती आहे. दोन्ही पेपरांत मिळून एक तरी प्रश्न असा घाला, ज्याचं उत्तर कुठल्या भागात आहे हे मुलांना कळणार नाही. पाच मार्कांना असू द्या. आणि वाचकांपैकी कुणाची दहावी होऊन पुष्कळ वर्षं झाली असतील, तर ही दोन्ही पुस्तकं ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात, थट्टा केली तरी पुस्तकं चांगली आहेत. भाग एकचा आठवा धडा आणि भाग दोनचा दुसरा, एका बैठकीत वाचा. परीक्षा नसल्यामुळं तुम्हाला ते चालेल.